फुलर, वॉकर, टकर : एका धंद्याची तीन आडनावे

इंग्लंडच्या आग्नेय आणि पूर्व भागातील ससेक्स, केंट, एसेक्स, सफक या परगण्यांत फुलर हे आडनाव जुन्या काळापासून रुजलेले आढळते. नैर्ऋत्येकडे डेव्हन आणि सॉमरसेट या परगण्यांत टकर हे आडनाव तितकेच जुने आहे. आणि उत्तरेकडे व मध्यभागी, यॉर्कशायर, लँकशायर, डर्बीशायर या प्रदेशांत वॉकर या आडनावाची एवढी दाटी आहे की समग्र इंग्लंडातील अत्यंत प्रचलित अशा पहिल्या वीस आडनावांत त्याची गणना होते. तिन्ही नावांचा उच्चार भिन्न, प्रदेश भिन्न, आणि ती धारण करणाऱ्या घराण्यांत रक्ताचा संबंध असण्याचे काही कारण नाही. तथापि सात-आठशे वर्षे मागे गेले असता ही तिन्ही घराणी एकाच हौदात, एकाच दुर्गंधियुक्त पाण्यात, अनवाणी पायांनी उभी असलेली दिसतात. मागावरून उतरलेले लोकरीचे कापड पायांखाली तुडवून त्याला घट्टपणा आणण्याचा जो व्यवसाय मध्ययुगीन इंग्लंडात सर्वत्र चालत असे, त्याच्या कारागिराला आग्नेयेस फुलर, नैर्ऋत्येस टकर आणि उत्तरेस वॉकर म्हणत, एवढाच काय तो भेद.

वॉकर या नावाविषयी एक गैरसमज इतका रूढ आहे की त्याचे निरसन आधी केले पाहिजे. आजच्या इंग्रजीत त्या शब्दाचा अर्थ 'चालणारा' असा होतो, म्हणून या घराण्याचा मूळ पुरुष राजाच्या अरण्यात गस्त घालणारा वनरक्षक असावा, अशी एक प्रतिष्ठित कल्पना पुष्कळांनी उराशी बाळगली. पण ज्या प्राचीन इंग्रजी क्रियापदापासून हा शब्द निघाला त्याचा अर्थ लोळविणे, उलथेपालथे करणे, मळणे असा होता. चालण्याचा अर्थ त्याला पुढे चिकटला. काही थोड्या कुटुंबांनी न्यूकॅसलजवळच्या वॉकर नामक गावावरून हे नाव घेतले असेल, ती गोष्ट निराळी. टकर हा शब्द ज्या धातूचा आहे त्याचा मूळ अर्थ छळणे, पीडा देणे असा आहे, आणि कापडाचे हाल कसे होत असत हे जो जाणतो त्याला या नावाची यथार्थता पटल्यावाचून राहत नाही. फुलर मात्र थेट लॅटिनमधून आला. रोमन नगरांत हेच काम करणाऱ्या कारागिरांचा मोठा वर्ग होता, आणि या कामी लागणाऱ्या मूत्रावर व्हेस्पेशियन बादशहाने कर बसविला होता, हे इतिहासाच्या वाचकांना ठाऊक आहेच.

मूत्राचा उल्लेख ऐकून वाचकाने नाक मुरडू नये, कारण या धंद्याचे सारे रहस्य त्यात आहे. लोकर विंचरून कातण्यापूर्वी तिला तेल किंवा लोणी लावीत, त्यामुळे विणून झालेले कापड तेलकट, मळकट आणि विरळ असे. हाताने ताणले तर त्याचे धागे सरकत. असे कापड हौदात घालून त्यावर शिळे मूत्र ओतले म्हणजे त्यातील क्षार आणि कापडातील स्निग्धता यांचा संयोग होऊन साबणासारखे द्रव्य तयार होई आणि मळ सुटे. त्यानंतर एक विशिष्ट माती घालीत. ही माती स्निग्ध पदार्थ शोषून घेते. आपल्याकडे जिला मुलतानी माती म्हणतात तिच्याच जातीची ती होय, आणि इंग्रजीत तिला आजही फुलरच्या नावानेच ओळखतात. सरे परगण्यातील नटफील्डच्या आसपास आणि बेडफर्डशायरमधील वोबर्नजवळ तिच्या खाणी होत्या, आणि विणकामाच्या धंद्यात तिचे महत्त्व एवढे मानले जाई की परदेशी विणकरांच्या हाती ती पडू नये म्हणून पुढे तिच्या निर्यातीस सरकारने बंदी केली होती.

हे सर्व मिश्रण कापडावर घालून झाले की पायांचे काम सुरू होई. लोकरीच्या तंतूंवर सूक्ष्म खवले असतात; ओलावा, ऊब आणि सतत घर्षण यांच्या योगाने ते खवले एकमेकांत अडकतात, तंतू परस्परांना घट्ट धरतात, आणि कापड लांबीरुंदीने आटत जाऊन इतके दाट होते की त्याची वीण डोळ्यांना दिसेनाशी होते. कापड किती आटू द्यायचे, कोठे थांबायचे, एका बाजूला अधिक घट्टपणा आणि दुसरीकडे सैलपणा राहू नये म्हणून त्याच्या घड्या केव्हा फिरवायच्या, हे सर्व ज्ञान कारागिराच्या तळपायांत साठविलेले असे. नंतर ते धुऊन, उघड्या माळावर उभारलेल्या लांब लाकडी चौकटींवर आकड्यांनी ताणून वाळवीत. टीझल नावाच्या काटेरी बोंडांनी त्यावरची लव उचलीत. आणि मोठ्या कातरीने ती लव सारखी छाटीत. चौदाव्या शतकात विल्यम लँगलंड याने आपल्या पिअर्स नांगऱ्याच्या काव्यात धर्मदीक्षा न मिळालेल्या अर्भकाला या संस्कारांतून न गेलेल्या कापडाची उपमा दिली आहे. सामान्य श्रोत्याला या धंद्याची प्रत्येक पायरी परिचयाची नसती तर त्या उपमेचा काही उपयोग झाला नसता, आणि हा धंदा त्या काळच्या लोकांच्या डोळ्यांसमोर किती सतत होता याचे याहून सबळ प्रमाण मला माहीत नाही.

या कारागिरांची समाजातील स्थिती मात्र कष्टप्रद होती, आणि त्याविषयी जे लेख उपलब्ध आहेत ते वाचताना मनाला यातना होतात. सन 1130 च्या राजाच्या जमाखर्चाच्या फर्देत विंचेस्टरच्या फुलरांच्या श्रेणीने राजाला रक्कम भरल्याची नोंद आहे. म्हणजे बाराव्या शतकाच्या आरंभीच त्यांची संघटना होती आणि राजाश्रयासाठी ती पैसे मोजीत होती. परंतु विंचेस्टर, ऑक्सफर्ड, मार्लबरो, बेव्हर्ली या नगरांचे विणकर आणि फुलर यांच्यासंबंधीचे जे निर्बंध पुढे लिहून ठेवण्यात आले, त्यांनुसार या दोन व्यवसायांतील मनुष्याला नगराच्या पूर्ण हक्कदार नागरिकाविरुद्ध साक्ष देता येत नसे. नगरातील व्यापाऱ्यांखेरीज अन्य कोणास माल विकता येत नसे. आणि त्यांच्यापैकी एखादा धनवान होऊन नागरिकत्वाची इच्छा धरू लागला, तर त्याने आपल्या धंद्याचा शपथपूर्वक त्याग करून त्याची हत्यारे घराबाहेर काढली पाहिजेत, असा दंडक होता. ज्या कापडावर नगराचे वैभव उभे होते ते कापड घडविणाऱ्याला नगराच्या उंबरठ्यावरच उभे ठेवण्याची ही व्यवस्था होती. व्यापारी आणि कारागीर यांच्या झगड्यात कारागिराचा पक्ष घेणारा लेखणीचा धनी त्या काळी कोणी नव्हता, म्हणून त्यांची बाजू आज त्यांच्याविरुद्धच्या निर्बंधांमधूनच वाचावी लागते.

अशा स्थितीत बाराव्या शतकाच्या उत्तरार्धात एक यंत्र आले. पाण्याच्या चाकाने फिरणाऱ्या आसावर खुंट्या बसवायच्या, त्या खुंट्यांनी दोन जड लाकडी हातोडे आळीपाळीने उचलले जायचे आणि हौदातील कापडावर पडायचे, अशी त्याची रचना होती. टेंपलर या धर्मयोद्ध्यांच्या पंथाने सन 1185 मध्ये आपल्या मिळकतींची जी पाहणी केली, तिच्यात ग्लॉस्टरशायरमधील टेंपल गायटिंग आणि यॉर्कशायरमधील न्यूशम येथे अशा पाणचक्क्या असल्याची नोंद आहे, आणि इंग्लंडातील या यंत्राच्या सर्वांत जुन्या नोंदी त्या याच. पुढच्या शतकात ही यंत्रे ओढ्यानाल्यांच्या काठी झपाट्याने पसरली. एलिनॉर कॅरस-विल्सन या विदुषीने सन 1941 मध्ये लिहिलेल्या एका सुप्रसिद्ध निबंधात या घटनेस तेराव्या शतकातील औद्योगिक क्रांती असे नाव दिले आणि कापडाचा धंदा जुन्या नगरांतून उठून वेगवान प्रवाहांच्या डोंगराळ प्रदेशात गेला तो या यंत्रामुळेच, असे प्रतिपादन केले. क्रांती हा शब्द काही अभ्यासकांना अतिशयोक्त वाटतो, आणि नगरांच्या ऱ्हासास अन्यही कारणे होती हे त्यांचे म्हणणे मला ग्राह्य वाटते. पण पाय हेच ज्याचे भांडवल होते त्या कारागिराच्या दृष्टीने पाहिले तर त्या विदुषीने वापरलेला शब्द मुळीच मोठा नाही.

कारण यंत्राचा मालक कारागीर नव्हता. चक्की बांधण्यास पाण्यावरचा हक्क आणि पुष्कळ द्रव्य लागे, आणि या दोन्ही गोष्टी जहागीरदार, मठाधिपती किंवा राजा यांच्यापाशीच असत. चक्की बांधली की आपल्या हद्दीतील सर्व रयतेने आपले कापड तेथेच आणले पाहिजे आणि त्याचा मोबदला भरला पाहिजे, असा हुकूम निघे. सेंट ऑल्बन्स येथील मठाने असाच मक्ता गाजविला, तेव्हा सन 1274 मध्ये तेथील रयतेने घरी कापड तुडविण्याचा आपला पूर्वापार वहिवाटीचा हक्क सोडण्याचे नाकारले. मठाधिपतीने कापडे जप्त केली. लोकांनी वर्गणी जमवून दावा लढविला. राणी एलेनॉर तेथून जात असता नगरातील स्त्रियांनी तिच्यापुढे गाऱ्हाणे घातले. आणि अखेरीस राजाच्या न्यायालयात निकाल मठाच्या बाजूने लागला. लंडनच्या फुलरांनीही सन 1298 मध्ये नगराबाहेर स्ट्रॅटफर्ड येथील चक्क्यांवर कापड पाठविण्याविरुद्ध नगरसभेकडून निर्बंध मिळविला. पंधराव्या शतकात एडवर्ड चौथ्याच्या कारकीर्दीच्या अखेरीस पार्लमेंटने टोप्या चक्कीत घालण्यास मनाई करून त्या मनुष्याच्या हातापायांनीच घट्ट कराव्यात, असा कायदा केला. दोनशे वर्षांच्या कालावधीत पसरलेल्या या तिन्ही प्रसंगांत मागणी एकच आहे; पाण्याने पायांची जागा घेऊ नये. ती मागणी पुरी होणे शक्य नव्हते. पण ती करणारी माणसे अडाणी किंवा प्रगतीची वैरी होती, असे त्यांच्याविषयी लिहिणे मला अन्यायाचे वाटते.

पायांची ही मजुरी मागे पडत होती त्याच काळात इंग्लंडात आडनावे वंशपरंपरागत होत होती. सन 1066 च्या नॉर्मन विजयापूर्वी सामान्य इंग्रज मनुष्याला एकच नाव असे. कोणी दुसरे जोडलेच तर ते त्या व्यक्तीपुरते असे आणि तिच्याबरोबर संपे. विजेत्या सरदारांनी आपापल्या जहागिरींवरून नावे घेऊन ती मुलांना दिली आणि तेथून ही चाल हळूहळू खाली उतरली. बाराव्या-तेराव्या शतकांतील दप्तरांत कारागिराच्या धंद्याच्या नावापूर्वी फ्रेंच पद्धतीचे उपपद लावलेले दिसते, म्हणजे अमुक जो फुलर तो, अशा अर्थाची ती नोंद असे. ते अद्याप आडनाव नव्हते, वर्णन होते. दक्षिणेकडे तेराव्या-चौदाव्या शतकांत, आणि उत्तरेकडे त्याहून काहीसे उशिरा, ते उपपद गळून पडले आणि मागे राहिलेला शब्द बापाकडून मुलाकडे जाऊ लागला.

असे का व्हावे, याचे एक कारण सरकारी आहे आणि दुसरे रयतेच्या हिताचे आहे. जहागिरीच्या कचेरीतील बंदात ज्याच्या नावाची नोंद असेल त्यालाच जमीन कसण्याचा हक्क असे, आणि वारसाने तो हक्क सांगावयाचा तर मृताचे आणि आपले नाते एका नावाने सिद्ध होणे सोयीचे होते. तेराव्या-चौदाव्या शतकांत जॉन, विल्यम, रॉबर्ट, रिचर्ड अशा मोजक्याच नावांचा एवढा सुकाळ झाला होता की एका गावातील चार जॉन वेगळे ओळखण्यास दुसरे काही साधनच उरले नव्हते. त्यात सन 1348-49 च्या महामारीने गावेच्या गावे ओस पाडली आणि वाचलेली माणसे अधिक मजुरीच्या शोधात परमुलुखी जाऊ लागली; मग सरकारने सन 1377, 1379 आणि 1381 अशा तीन वेळा डोईपट्टी बसविली आणि तिच्या वसुलीसाठी माणसामाणसाची यादी केली. शेवटच्या डोईपट्टीने शेतकऱ्यांचे मोठे बंड पेटविले, पण इतिहासकाराला त्या फर्दांनी अमोल साहित्य दिले आहे. यॉर्कशायरच्या पश्चिम विभागाच्या सन 1379 च्या यादीत अनेक नावांपुढे धंदाही लिहिलेला आहे, आणि जेथे नाव एका धंद्याचे आणि पुढे लिहिलेला धंदा दुसराच असे आढळते, तेथे हे नाव बापाचे किंवा आजाचे आहे, याची खात्री पटते.

म्हणजे वॉकर हे नाव ज्या पिढीत घराण्याला कायमचे चिकटले, त्या पिढीच्या प्रदेशात कापड तुडविण्याचे काम पुष्कळ अंशी पाण्याच्या हातोड्यांनी बळकावले होते. उत्तरेत तर त्या यंत्रालाच वॉकमिल म्हणू लागले. पायांच्या कामाचे नाव यंत्राने घेतले आणि चक्की चालविणारा मनुष्यही वॉकरच राहिला. त्यामुळे आजच्या प्रत्येक वॉकराचा मूळ पुरुष हौदात उतरणाराच होता असे म्हणता येत नाही. काही जण चक्कीवाले असतील. मला या बाबतीत एवढेच महत्त्वाचे वाटते की लोकांनी ओळखीसाठी जो शब्द जतन केला तो पायांचा होता, आणि यंत्राने त्यात बदल घडविला नाही. ज्या नॉर्मन सरदारांनी आडनावाची चाल आणली त्यांतील कित्येक घराणी काही शतकांत निर्वंश झाली, आणि विंचेस्टरमध्ये ज्याची साक्ष ग्राह्य धरली जात नव्हती त्याचे नाव मात्र लाखो लोकांच्या नावांत जिवंत राहिले. हा न्याय काळाने केला आणि तो मला फार समाधान देणारा वाटतो.

तिन्ही नावांचे प्रदेश इतके स्पष्ट वेगळे कसे राहिले, याचा शोध घेताना हेन्री गपी या संशोधकाचे स्मरण होते. सन 1890 मध्ये प्रसिद्ध झालेल्या ग्रंथात त्याने शेतकरी घराणी आपला मुलूख सहसा सोडत नाहीत, हे गृहीत धरून परगण्यापरगण्यांतील शेतकऱ्यांची नावे तपासली आणि आडनावांची मूळ स्थाने ठरविण्याचा प्रयत्न केला. पुढे पी. एच. रीनी यांनी सन 1958 च्या आपल्या कोशात मध्ययुगीन दप्तरांतील नोंदी तारखेनिशी देऊन या विद्येला भक्कम पाया दिला. या अभ्यासातून दिसते ते असे की आडनावांचा नकाशा हा बोलीभाषांचा नकाशा आहे. गावांच्या रस्त्यांनीही तीच साक्ष दिली आहे. यॉर्कशायरमधील बेव्हर्लीत वॉकरगेट नावाचा रस्ता आहे, तर ब्रिस्टलमध्ये पुलाजवळच टकर स्ट्रीट होती. वेल्समध्ये या चक्कीला पँडी म्हणत, आणि टोनीपँडी हे खाणकामगारांच्या संघर्षामुळे प्रसिद्ध झालेले नगर मुळात अशा चक्कीजवळच्या माळाच्या नावाने ओळखले गेले. स्कॉटलंडच्या पश्चिमेकडील बेटांवर तर स्त्रिया लांब फळीभोवती बसून, गेलिक गाणी म्हणत, तालावर कापड आपटून घट्ट करीत, आणि ही प्रथा विसाव्या शतकापर्यंत टिकली.

एक्सेटर नगरात मात्र या धंद्याला प्रतिष्ठेचे दिवस आले. तेथील विणकर, टकर आणि कातरकाम करणारे यांच्या श्रेणीने सन 1471 मध्ये स्थापिलेले टकर्स हॉल हे सभागृह अद्याप उभे आहे, आणि सन 1620 मध्ये या श्रेणीला राजाची सनद मिळाली. लंडनमध्येही फुलर आणि कातरकाम करणारे यांच्या श्रेणी सन 1528 मध्ये एकत्र होऊन क्लॉथवर्कर्स कंपनी बनली, आणि तिची गणना नगरातील मोठ्या कंपन्यांत होऊ लागली. सीलिया फाइन्स ही प्रवासिनी सन 1698 मध्ये एक्सेटरला आली तेव्हा सर्ज कापड मूत्रात भिजवून, साबण लावून, चक्कीत घालताना तिने स्वतः पाहिले आणि आपल्या प्रवासवृत्तात ते बारकाईने लिहून ठेवले. नगराभोवतालची शेते वाळत घातलेल्या कापडाच्या चौकटींनी भरलेली होती.

याच कापडाच्या पाठोपाठ ही नावे आपल्या देशात आली. ईस्ट इंडिया कंपनीने सुरतेस वखार घातली तेव्हापासून इंग्रजी लोकरी कापड येथे खपविण्याची तिची खटपट चालू होती. आपल्या हवेत त्याला मोठे गिऱ्हाईक मिळाले नाही. पण अंबारीच्या झुली, पालखीची आच्छादने, घोड्याचे खोगीर आणि दरबारी नजराणे यांसाठी त्याला मागणी होती, आणि बनात व सकलाद हे शब्द मराठी दप्तरांत आणि मराठी भाषेत स्थिरावले. ग्लॉस्टरशायरचे तांबडे कापड या व्यापारात होते. डेव्हनच्या टकरांच्या प्रदेशातील सर्ज कापड कंपनी मुख्यतः चीनकडे नेत असे.

पुढे माणसे आली. अलेक्झांडर वॉकर हा स्कॉटिश अधिकारी सन 1802 मध्ये बडोद्यास रेसिडेंट झाला, आणि काठेवाडातील संस्थानिकांकडून गायकवाड व पेशवे यांची जी खंडणी मुलुखगिरीच्या फौजा पाठवून वसूल होत असे, ती सन 1807 च्या त्याच्या बंदोबस्ताने ठराविक रकमेवर आली. मुंबईच्या उच्च न्यायालयाची गॉथिक शैलीतील भव्य इमारत कर्नल जेम्स ऑगस्टस फुलर याने योजिली. तिचे काम सन 1871 मध्ये सुरू होऊन 1878 मध्ये पुरे झाले. साल्व्हेशन आर्मीचे काम हिंदुस्थानात सुरू करण्यासाठी फ्रेडरिक टकर सन 1882 मध्ये मुंबईस उतरला आणि त्याने फकीरसिंग हे नाव घेऊन देशी वेष धारण केला.

मात्र या तिन्ही आडनावांपैकी मराठी भाषेशी ज्याचा सर्वांत जवळचा संबंध आला, तो पुरुष हिंदुस्थानात कधी आलाच नाही. अँड्र्यू फुलर हा केंब्रिजशायरच्या दलदलीच्या प्रदेशात विकेन येथे सन 1754 मध्ये जन्मलेला बाप्टिस्ट धर्मोपदेशक केटरिंग येथे राहत होता, आणि सन 1792 मध्ये त्याच गावी बाप्टिस्ट मिशनरी सोसायटी स्थापन झाली तेव्हा तिचा चिटणीस झाला. सन 1815 मध्ये मृत्यू येईपर्यंत त्याने ते पद सांभाळले, आणि गावोगाव हिंडून वर्गणी गोळा करून विल्यम कॅरी व त्याचे सहकारी यांचे बंगालमधील कार्य चालू ठेवले. त्या सहकाऱ्यांनी श्रीरामपूर येथे छापखाना काढला, आणि तेथूनच कॅरीचे मराठी भाषेचे व्याकरण सन 1805 मध्ये आणि मराठी शब्दांचा कोश सन 1810 मध्ये, मोडी टंकांनिशी, बाहेर पडला.